अडतीस दिवसांचा महिना

कच्ची पपई खाल्ली की काम भागतं. लगेच उठून दहा वेळा जिना चढला-उतरला की काम भागतं. आणि पहिल्या वेळेला काहीच होत नाही, हा तर जणू देवानेच घालून दिलेला नियम. मुलींच्या वसतिगृहात दर शनिवारी दुपारी शर्वरी नखातेला ही असली ज्ञानगंगा ऐकून घ्यावी लागे, तीही चेहऱ्यावरची रेघ न हलवता. पोरी काही साध्यासुध्या नव्हत्या. एक उपग्रहांच्या कक्षा काढायची, दुसरी भाताच्या वाणात जनुकं बसवायची. पण स्वतःच्या पोटात महिनाभर काय चालतं म्हटलं की सगळ्या अंगठेबहाद्दर.

शर्वरी ‘आरोग्यसखी’ होती. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राने निवडलेल्या विद्यार्थिनी आपल्याच मैत्रिणींकडून गर्भनिरोधनाविषयी वीस प्रश्नांची प्रश्नावली भरून घेत आणि मग त्यांचा तास घेत. शर्वरीने दोन वर्षांत चारशेबारा मुलींचे तास घेतले होते. तिला स्वतःला वीसपैकी वीस. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि पुढच्या जुलैत हैदराबादला एम.एस्सी.ला जायचं पक्कं झालं होतं. परभणीच्या नखाते मास्तरांच्या घरातून इतकी लांब शिकायला जाणारी ती पहिलीच मुलगी. त्या प्रवेशाचं पत्र तिने फोनमध्ये सगळ्यात वर ठेवलं होतं आणि दिवसातून एकदा तरी उघडून बघत असे.

२०४१ साल होतं ते, आणि तिच्या तासाचा शेवट नेहमी एकाच वस्तूने व्हायचा. वस्तूचं नाव ‘राखण’. मुली तिला दाणा म्हणत, कारण दिसायला ती तांदळाच्या दाण्याएवढीच. दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवायची, दहा मिनिटांचं काम.

"जुनी गोळी काय करायची?" शर्वरी फळ्यावर महिन्याची आडवी रेघ काढून सांगे. "एकवीस दिवस रोज औषध. धोका मात्र सहाच दिवसांचा. स्त्रीबीज जगतं एक दिवस, पुरुषाचे शुक्राणू फार तर पाच. म्हणजे सहा दिवसांच्या चोरासाठी महिनाभर पोलीस उभे. दाणा तसं करत नाही. तो तुमच्या शरीरातलं प्रोजेस्टेरॉन मोजतो. स्त्रीबीज सुटलं की ते वाढतं, पाळी यायच्या आधी उतरतं. हा चढउतार तीन महिने बघितला की दाण्याला तुमचा ठेका कळतो. मग तो तेवढ्या सहा दिवसांपुरता जागा होतो, चिमूटभर औषध सोडतो आणि परत झोपतो. झोपतो म्हणूनच त्याची बॅटरी सहा वर्षं पुरते."

दाण्याचं फोनशी नातं होतं. सगळं ठीक असलं की पडद्यावर हिरवा ठिपका. हवा असेल तर तो ठिपका दुसऱ्या कुणाच्या फोनवरही दाखवता येई. शर्वरीचा ठिपका आदेशच्या फोनवर होता.

आदेश कुटे यंत्र अभियांत्रिकीचा. दोन वर्षांची ओळख, त्यातलं दीड वर्ष प्रेम. ठिपका दाखवायची कल्पना त्याचीच. "विश्वास म्हणून नाही गं, सोय म्हणून," असं तो म्हणाला होता. जूनमध्ये शर्वरीने दाणा बसवून घेतला. ही गोष्ट परभणीला कळणं शक्य नव्हतं. घरी लग्नाआधीच्या प्रेमाचा विषयच निघत नसे, तिथे दंडातल्या दाण्याचा कुठून निघणार.

आता परभणीच्या घराविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच घडलं. माणसं चंद्रावर वस्ती करायला निघाली होती, पण नखात्यांच्या घरात पाळी आली की बाई अजून बाजूला बसत होती. आदल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीच शर्वरी बाजूला बसली. सोळा भाज्या, पुरणाचं ताट, अंगणात पाहुणे, आणि घरची लेक मागच्या खोलीत. पुढे महिन्याभरात मास्तरांची स्कूटर घसरली आणि पाय मोडला. आत्याबाईंनी दोन्ही गोष्टींची गाठ मारून टाकली. "लेकीच्या तारखा आईनं ध्यानात ठेवायच्या असतात," एवढंच त्या भरल्या घरात म्हणाल्या. शर्वरीच्या आईने, मीनाक्षीबाईंनी, तेव्हापासून लेकीच्या तारखा ध्यानात ठेवायला सुरुवात केली.

या वर्षी सणाला शर्वरी घरी आली की आई रात्रीच्या दुधाबरोबर एक गोळी पुढे करायची. "रक्तवाढीची हाय. बघ कशी पांढरी पडलीस." वसतिगृहावर परत निघताना उरलेल्या गोळ्या छोट्या डबीत घालून द्यायची. "मधीच सोडू नको." औषधाचं वेष्टन वाचल्याशिवाय गोळी तोंडात टाकायची नाही, हे चारशेबारा मुलींना बजावणारी शर्वरी त्या मुकाट्याने घ्यायची. आईच्या हातून आलेल्या गोळीचं वेष्टन कोण मागतं?

दिवाळीनंतर ती आणि आदेश दोन दिवस वेरूळला गेले. ठिपका हिरवा होता.

नोव्हेंबरअखेर पाळी आली नाही, डिसेंबरातही नाही. जानेवारीतही नाही. दाणा बसवलेल्या काहीजणींची पाळी लांबते, कधी दोन-तीन महिने येतच नाही, घाबरू नका, हे वाक्य तिने तासाला इतक्यांदा म्हटलं होतं की तिचा स्वतःचाही त्यावर पूर्ण विश्वास बसला होता. रोज सकाळी ठिपका बघायची आणि अभ्यासाला लागायची. फेब्रुवारीच्या मध्यावर जीन्सचं बटण लागेना, तेव्हा तिने मैत्रिणींना देण्यासाठी ठेवलेल्या तपासणी-पट्ट्यांतली एक काढली. मग दुसरी. मग तिसरी. तिन्ही पट्ट्यांवर दोन-दोन रेघा उमटल्या, आणि फोनवर ठिपका हिरवाच होता.

आरोग्य केंद्रात डॉ. तबस्सुम काझी होत्या. शर्वरीला त्यांनीच सखी म्हणून निवडलं होतं. सोनोग्राफी करून त्या म्हणाल्या, "सोळा आठवडे." मग बराच वेळ त्यांनी दाण्याची सगळी नोंद संगणकावर उघडून बघितली. शर्वरी खुर्चीच्या कडेवर बसून होती.

"हे बघ." डॉक्टरांनी पडदा वळवला. "हा जुलैचा चढउतार. अठ्ठावीस दिवस, नेहमीसारखा. आणि इथून पुढे तीन महिने हे डोंगर. चढ आहे, पण उतरायच्या वेळी उतरतच नाही. दहा-दहा दिवस वरच. असं आपोआप होत नाही, शर्वरी. बाहेरून काहीतरी पोटात गेलंय. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्यास का?"

"नाही मॅडम. मी कशाला घेईन?"

"ती गोळी म्हणजे प्रोजेस्टेरॉनचीच बहीण. दाण्याला दोघींतला फरक कळत नाही. त्याला वाटलं, हिचा महिना अडतीस दिवसांचा आहे. तीनदा तसंच दिसल्यावर त्याने ते पाठ केलं. चौथ्या महिन्यात गोळी नव्हती, शरीर आपल्या अठ्ठावीसवर परत आलं, आणि दाणा अडतीसच्या हिशोबाने झोपून राहिला. जागा झाला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आता गर्भामुळे प्रोजेस्टेरॉन वर आहे, तर त्याला वाटतंय महिना लांबलाय. म्हणून हिरवा."

शर्वरीने डोंगरांखालच्या तारखा वाचल्या. पहिला, श्रावण लागला तेव्हाचा: आत्याच्या नव्या घराची वास्तुशांत. दुसरा महालक्ष्म्यांचा. तिसरा कोजागिरीचा, सगळं घर तुळजापूरला गेलं होतं तेव्हाचा. दुधाचा पेला तिला डोळ्यांसमोर दिसला. ती म्हणाली, "मॅडम, माझ्या आईने दिल्यात."

त्या शनिवारचा तास तिने रद्द केला नाही. प्रश्नावलीत सातवा प्रश्न होता: कोणतीही संप्रेरकाची किंवा गर्भनिरोधक गोळी घेता का? चारशेबारा जणींनी ‘नाही’ लिहिलं होतं. शर्वरीने समोरच्या सदतीस मुलींना आज साध्या भाषेत विचारलं, "सणासाठी, लग्नासाठी, पूजेसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी कोणी कोणी घेतली आहे?"

तेहतीस हात वर झाले. कुणी लाजलं नाही, कुणी इकडेतिकडे पाहिलं नाही. ते काही गर्भनिरोधन नव्हतं, ते देवाचं काम होतं. "पण ती तर साधी गोळी असते ना ताई?" पुढच्या रांगेतली एक म्हणाली. तिच्या दंडावर दाणा बसवल्याची छोटीशी खूण होती. शर्वरी टेबलाला टेकून उभी राहिली. मग तिने त्यांना सगळं समजावलं, स्वतःचं सोडून. दाणा बनवणाऱ्या कंपनीलाही तिने त्याच दिवशी सविस्तर कळवलं. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ एवढं उत्तर दुसऱ्या मिनिटाला आलं, आणि त्यानंतर काही नाही.

आदेशला तिने ग्रंथालयामागच्या बाकावर सांगितलं. त्याने आधी फोन काढला आणि ठिपका बघितला.

"हा तर हिरवा आहे."

"तेच सांगतेय ना तुला. तो चुकतोय."

"हजारात एकदासुद्धा चुकत नाही तो. तूच तास घेतेस ना त्याचे?" मग तो जे बोलला ते त्याने आधीच ठरवलं असावं. "शर्वरी, खरं सांग. तू हैदराबादला गेल्यावर मी तुला सोडीन अशी भीती वाटली म्हणून तू काही केलंस का?"

या माणसाला आपण दीड वर्ष ओळखत होतो, याचंच तिला नवल वाटलं. भांडायलाही तिच्यात जीव उरला नाही. "मी असं करीन?" एवढंच तिने विचारलं. तो म्हणाला, "मशीन खोटं बोलत नाही गं." दुसऱ्या दिवशी त्याच्या फोनवरून तिचा ठिपका निघाला होता आणि तिचे फोनही उचलले जाईनासे झाले होते.

मशीन खोटं बोलत नाही, हे एकट्या आदेशचं मत असतं तर निभावलं असतं. पण आता कायद्याचंही तेच मत होतं. पूर्वी साधन फसलं एवढं बाईने सांगितलं की डॉक्टर ते मान्य करत आणि गर्भपाताचा मार्ग मोकळा होई. दाणे आले आणि साधनच साक्ष देऊ लागलं. तीन वर्षांपूर्वीच्या नव्या नियमाने ज्या बाईच्या दंडात दाणा, तिच्या अर्जाला दाण्याची नोंद जोडणं सक्तीचं झालं. खाजगी रुग्णालयातही तोच अर्ज, तीच नोंद. शर्वरीच्या नोंदीवर शिक्का होता: उपकरण निर्दोष. म्हणजे साधन फसलेलं नाही, म्हणजे कारण नाही. उरला जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळापुढचा दावा. मंडळ पंधरा दिवसांतून एकदा बसे, आणि मुदत होती वीस आठवड्यांची.

"त्या नियमात नववं कलम आहे," डॉ. काझींनी सांगितलं. "बाईच्या नकळत तिला औषध दिलं गेलं आणि त्याने उपकरण बिघडलं, असं सिद्ध झालं तर परवानगी मिळते. नकळत हा शब्द महत्त्वाचा. आणि तसा जबाब औषध देणाऱ्यानेच द्यावा लागतो, समोर येऊन. तुझ्या आईला यावं लागेल."

आईला तिने फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "कोण हाय तो?"

"आता कोणी नाही, आई."

"बाबाला सांगू नको. मी येते." आणि मग, "माझ्या गोळीनं झालं म्हन्तीस?"

"गोळीने एकटीने नाही झालं. पण गोळी नसती तर झालं नसतं."

मीनाक्षीबाईंनी रडून घेतलं ते फोनवर ऐकू येऊ दिलं नाही, पण शर्वरीला कळलं. काय बोलायचं ते तिने आईला तीनदा समजावलं. आई, तू गोळी रक्तवाढीची म्हणून दिलीस, मला खरं माहीत नव्हतं, बस एवढंच सांगायचं. "जे झालं तेच तर हाय, त्यात काय इसरायचं," आई म्हणाली.

अर्ज लागायला दोन आठवडे गेले. पुढच्या बैठकीला एक सदस्य रजेवर होते, म्हणून ती पुढे ढकलली. सुनावणीच्या दिवशी शर्वरीला एकोणीस आठवडे आणि पाच दिवस झाले होते. कॉलेजात पालकांची बैठक आहे असं मास्तरांना सांगून मीनाक्षीबाई पहाटेच्या गाडीने आल्या. लग्नकार्याला नेसायची ती मोतिया साडी त्या नेसल्या होत्या. सरकारी माणसांपुढे जायचं तर नीट जायला हवं, असं त्यांना वाटलं असणार.

मंडळ म्हणजे लांब टेबलामागे तिघेजण, आणि कडेला टंकलेखन करणारा एक कारकून. मधोमध बसलेल्या डॉ. पाठराबे वयस्कर होत्या, आवाज मऊ होता. त्यांनी आईला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"तुम्ही मुलीला गोळ्या दिल्या?"

"हो. तीनदा. आमच्यात बाजूला बसत्यात ना, म्हणून. मेडिकलवाल्याकडून आणल्या, समद्या बायका तिथूनच आणतात."

"कसल्या आहेत म्हणून सांगितलंत तिला?"

आई शर्वरीकडे न बघता उत्तर द्यायला तोंड उघडत होती, तेवढ्यात कारकुनाने हात वर केला. "मॅडम, आधी सूचना वाचावी लागते." आणि त्याने एका सुरात वाचून टाकलं, "जबाब देणाऱ्याने एखाद्या व्यक्तीस तिच्या संमतीविना अथवा फसवून औषध दिल्याचे मान्य केल्यास त्याच्यावर फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकतो व त्याची सूचना कुटुंबप्रमुखास पाठवली जाईल. समजलं का बाई?"

मीनाक्षीबाईंना किती समजलं कुणास ठाऊक. फसवून, गुन्हा, कुटुंबप्रमुख, एवढे तीन शब्द त्यांच्या कानात शिरले. त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. नवऱ्याच्या हातात सरकारी पाकीट पडतंय, आत्याबाई दारात उभ्या आहेत, हे त्यांना दिसलं असावं. पण त्याहीपेक्षा, या शिकल्यासवरल्या लोकांपुढे आपल्याला लेकीला फसवणारी आई म्हणतायत, हे त्यांना सोसवलं नाही.

"फसवून कशापाई दीन मी?" त्या म्हणाल्या. आवाज ताठ होता. "पोटची लेक हाय माझी. तिला समदं सांगूनच दिली. लई हुशार हाय ती, तिला न कळता कुणी काय देऊ शकतंय का? वीसपैकी वीस मार्क घेती ती ह्याच इषयात."

"आई," शर्वरी म्हणाली.

"तुम्ही थांबा," डॉ. पाठराबे म्हणाल्या. त्यांनी आईला पुन्हा विचारलं, अगदी सावकाश. "बाई, नीट आठवून सांगा. मुलीला माहीत होतं की ही पाळी लांबवायची गोळी आहे?"

"हो. माहीत होतं."

कारकुनाच्या बोटांचा आवाज झाला आणि थांबला. डॉ. पाठराबे शर्वरीकडे पाहत राहिल्या. त्यांना खरं काय ते कळलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण कागदावर कळलेलं लिहीत नाहीत, सांगितलेलं लिहितात. "मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या अर्जदाराचं नाव पुकारलं गेलं.

बाहेर व्हरांड्यात आई बाकावर टेकली. तिच्या अंगावरचं मोठं ओझं उतरलं होतं. पिशवीतून तिने दशम्यांचा डबा काढला आणि झाकण उघडून लेकीपुढे धरला. "खा. सकाळधरनं पोटात काही नसंल." मग आवाज खाली आणून, "बरोबर बोलले ना मी? केस-बिस काही व्हायची नाही ना?"

"नाही होणार, आई."

"मग कधी करतेत ते? मी दोन दिस ऱ्हाते हवं तर. बाबाला सांगीन काहीतरी."

आईला हे न सांगता घरी पाठवता आलं असतं तर शर्वरीने तेच केलं असतं. पण न सांगून भागणार नव्हतं. तिने डब्याचं झाकण लावलं आणि सांगितलं. मला माहीत होतं असं तू म्हणालीस, म्हणून ते आता करणार नाहीत. तीन वाक्यांत संपलं.

मीनाक्षीबाई उठल्या आणि मोतिया साडी सावरत त्या बंद दाराशी गेल्या. "साहेब, मी चुकून बोलले. मी खोटं बोलले, साहेब. तिला ठाऊक नव्हतं. मला आत टाका, पर लिहा तेवढं." शिपाई बाहेर आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने त्यांना हाताला धरून बाकापर्यंत आणलं आणि सांगितलं, जबाब बदलायचा तर नवा अर्ज करा, पुढची बैठक पंधरा दिवसांनी.

पंधरा दिवस म्हणजे काय, हे त्या व्हरांड्यात शर्वरीइतकं नीट कुणालाच माहीत नव्हतं. आई तिचा हात दोन्ही हातांत धरून बसली. बोटांवर महिने मोजत होती. तिचे ओठ हलत होते, आणि एका महिन्याशी येऊन ते थांबले.

"जुलै," शर्वरीच म्हणाली.

"आता काय करायचं गं तुला, माय?" आईने विचारलं. एवढ्या दिवसांत हे कुणी तिला विचारलंच नव्हतं.

"मला शिकायला जायचं होतं, आई," शर्वरी म्हणाली.